रिलीव्हर

घरकाम वाटून घ्यायचं ठरलं की सुशिक्षित जोडपी आधी यादी करतात. आम्हीही केली होती. वहीचं पान मधोमध दुमडलं, डावीकडे माझी कामं, उजवीकडे नवऱ्याची. नवरा केमिकल कंपनीत प्रॉडक्शनला, त्यामुळे अक्षर टापटीप आणि नोंदी नेमक्या. उजवीकडे वीजबिल, मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, गॅस नोंदवणं, गाडीचं सर्व्हिसिंग, पंखे पुसणं, माळ्यावरचं काढणं-ठेवणं, गळका नळ, विम्याचे हप्ते, बँक, महिन्याचा किराणा. डावीकडे दूध, चहा, नाश्ता, डबे, पोळ्या, भाजी, धुणं, घड्या, मुलांचा अभ्यास, रात्रीचं जेवण, ओटा. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच लांबीच्या भरल्या. एवढे दिवस उगाच कुरकुर चालली होती की काय, असं दोघांनाही वाटून गेलं.

कुरकुर काही थांबली नाही. त्या यादीत घड्याळ कुठेच नव्हतं. पंखा या रविवारी पुसला नाही तर पुढच्या रविवारी पुसता येतो, तोवर तो वारा काही कमी देत नाही. वीजबिलाला शेवटची तारीख असते, पण तिच्याआधी चांगली ऐसपैस मुदतही असते. सर्व्हिसिंग महिनाभर पुढे ढकललं तरी गाडी निमूट चालते. ही कामं करणाऱ्याची सोय बघून होतात. डावीकडच्या कामांना माझ्या सोयीशी घेणंदेणं नव्हतं. दूध उतू जायच्या वेळेलाच उतू जातं. डबा सव्वासातला भरलेला लागतो, साडेआठला भरून तो कुणाच्या कामाचा? पाणी सहाला येतं आणि सातला जातं. साबुदाणा रात्री भिजला नाही तर सकाळी उपासाच्या माणसापुढे केळं ठेवावं लागतं आणि वर त्याचा चेहराही बघावा लागतो. भिजवणं, आंबवणं, मोड आणणं, ही तर आपल्या स्वयंपाकाची निम्मी विद्या. ती सगळी उद्याचं आज आणि परवाचं उद्या आठवण्यावर उभी आहे.

यातलं सगळ्यात बेरकी काम विरजणाचं. करायला दोन मिनिटं लागतात, पण ती दोन मिनिटं रात्री नेमक्या वेळी हाताशी असावी लागतात. तापवलेलं दूध निवू द्यायचं, बोटाला सोसवेल इतकं कोमट झालं की चमचाभर दही घालून ढवळायचं. फार गरम असताना लावलं तर चोथापाणी, फार गार झाल्यावर लावलं तर सकाळी दूधच. थंडीत भांडं फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचं, मे महिन्यात जरा उशिरा लावायचं, नाहीतर सकाळपर्यंत आंबटढाण. आणि या सगळ्यासाठी दुपारच्या जेवणात खाणाऱ्यांच्या हातून चमचाभर दही वाचवून ठेवलेलं असावं लागतं. म्हणजे विरजण रात्री लागत असलं तरी त्याचं काम दुपारी सुरू झालेलं असतं. आमच्या त्या यादीत विरजण नव्हतंच. ते लिहिण्याइतकं मोठं आहे असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर सांगणारीलाही वाटलं नाही.

सरकारलाही ते दिसत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळवापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा पुरा दिवस घेतला, त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग पाडले आणि प्रत्येक भागात माणसाने काय केलं ते विचारून लिहून घेतलं. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामातली रोजची सरासरी निघाली 299 मिनिटं, तेच काम करणाऱ्या पुरुषांची 97. ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची. त्या दिवशी घरकामाला मुळात हात लावणारे पुरुष होते शंभरात 26, बायका 81. पाच वर्षांनी, 2024 साली, पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं 289 झाली आणि पुरुषांची 88. दोघांचंही काम थोडं हलकं झालं, मधलं अंतर मात्र 202 वरून 201 मिनिटांवर आलं. एक मिनिट कमावलं म्हणायचं. त्या पाहणीत अर्ध्या तासात अनेक कामं झाली तर दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली, तीही तीनपर्यंतच, नोंदवली जात. मोजणीला कुठेतरी रेघ ओढावी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण विरजणाची दोन मिनिटं त्या रेघेच्या पलीकडे राहतात, आणि दुपारी वाचवलेला तो चमचा तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

तसाच कान. मी टीव्ही बघत असते तेव्हा माझी नोंद 'करमणूक' अशी होईल. पण एक कान कुकरकडे असतो. बायका फोनवर कितीही रंगात येऊन बोलत असल्या तरी शिट्ट्या मोजत असतात, हे कुणीही बघून घ्यावं. सविस्तर दुःख सांगता सांगता मधेच 'थांब हं, तिसरी झाली' म्हणून उठणारी मैत्रीण मला आहे, आणि परत येऊन ती दुःख तिथूनच पुढे सुरू करते. त्याच खोलीत बसलेल्या पुरुषाला शिट्टी ऐकू येते, कितवी ते विचारलं तर तो दचकतो. त्याचे कान चांगले आहेत. ती शिट्टी आपल्याला उद्देशून आहे, असं मात्र त्याला कधी वाटलेलं नसतं.

माझे वडील घरकाम करत नव्हते असं मला म्हणता येणार नाही. आम्ही दादरला चाळीत राहायचो. अण्णा पहाटे आरेच्या केंद्रावर कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहत. रेशनचे गहू, साखर, रॉकेलचा डबा त्यांच्याकडे. बाजाराची पिशवी त्यांची, मासळी त्यांनी पारखून आणायची, विजेचं बिल खिडकीशी उभं राहून भरायचं. गिरणीत दळणाचा डबा भाऊ न्यायचा. उंबऱ्याच्या बाहेरचं सगळं पुरुषांचं, आतलं आईचं. न्याय्य होतं असं मी म्हणणार नाही, पण अण्णांच्या वाट्याला खरोखर ओझं होतं, रांग होती, घाम होता आणि वेळही बांधलेली होती. केंद्र उघडायच्या वेळी तिथे नसलं तर दूध गेलंच.

मग काय झालं? दूध पिशवीतून दाराशी येऊ लागलं. बिल फोनवर भरता येऊ लागलं, गॅस फोनवर नोंदवता येऊ लागला, रांगा गेल्या, रॉकेलची गरज संपली. अण्णांचा अख्खा विभाग नवऱ्याच्या खिशात मावला. आईचा विभाग होता तिथेच राहिला, कारण पोळी अजून फोनवर लाटता येत नाही. रुथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकी इतिहासकार बाईंनी 1983 साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात त्यांच्याकडची हीच गोष्ट शंभर-दीडशे वर्षांच्या अंतरावरून सांगितली आहे. तिकडे उघड्या चुलीऐवजी लोखंडी शेगडी आली, तेव्हा पुरुषांची लाकूडफोड कमी झाली. गिरणीचं पीठ विकत मिळू लागलं, तेव्हा धान्याची त्यांची खटपट संपली. बाईचं रांधणं राहिलंच. उलट एका भांड्यातल्या जेवणाऐवजी चार पदार्थांची अपेक्षा वाढली.

आपल्याकडे एक फरक आहे. जातं बाईच्या हातचं होतं आणि त्यातून गिरणीने बाईलाच सोडवलं. जनाबाईच्या जात्याला हात लावायला तर खुद्द विठ्ठल येई, पंढरपूरजवळ गोपाळपूरला ते जातं आजही दाखवतात. तेवढा वेळ रुक्मिणीच्या घरचं दळण कोण बघत होतं, हा प्रश्न मी लहानपणी आजीला विचारला होता. आजीने तो ऐकला नाही असं दाखवलं. असो. जातं गेलं, पाटा-वरवंटा गेला, त्यातून वाचलेला वेळ मुलांच्या डब्यांत गेला. एकाला पराठा, एकीला इडली, नवऱ्याला डॉक्टरांनी सांगितलेली नाचणी. आईने आम्हा भावंडांना 'काय खाणार?' असं कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

आमच्या ओळखीचं एक जोडपं मोठ्या अभिमानाने सांगतं की आमच्याकडे कामावरून वाद होत नाहीत. होणार कसे? सकाळी पोळ्यांची बाई, नंतर भांड्यांची, संध्याकाळी भाजी चिरून देणारी. दोघांमधली समता तिसरीच्या मनगटावर तोललेली असते. ती बाई चार घरची भांडी उरकून स्वतःच्या घरी जाते तेव्हा तिथला हंडा तीच भरते. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला राज्यात 2008 साल उजाडलं. आमच्याकडेही बाई येतात, मी सोवळी नाही. फक्त एवढं पाहिलंय की दोघांचे नंबर त्यांच्याकडे असून 'ताई, आज जमायचं नाही' हा फोन मलाच येतो. बाईंची सुट्टी ही माझी अडचण आहे, हे त्यांनाही न सांगता ठाऊक आहे.

कायद्याने काही होतं का? स्पेनने 2005 साली दिवाणी संहितेत दुरुस्ती करून घरची जबाबदारी आणि लहानथोरांची देखभाल नवरा-बायकोने वाटून घ्यायची, असं कलमच घातलं. तिथे नोंदणी पद्धतीच्या लग्नात ते कलम वधूवरांना मोठ्याने वाचून दाखवतात. मला ही कल्पना आवडते. निदान नंतर 'मला कुणी सांगितलंच नव्हतं' असं म्हणायची सोय राहत नाही. आपल्याकडे घरकामाची किंमत न्यायालयात निघते ती बहुतेक वेळा करणारी अपघातात गेल्यावर, नुकसानभरपाई ठरवताना. 2021 सालच्या अशाच एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या 299 आणि 97 मिनिटांचा दाखला दिला. हिशोब नीट मांडला गेला, पण जिच्या मिनिटांचा तो होता ती ऐकायला नव्हती.

आमच्या घरात गोष्ट हलली ती नवऱ्याच्या प्लांटमुळे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्याने उमेदीची वर्षं शिफ्टमध्ये काढली. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. तिसरी शिफ्ट असली की दिवसा त्याची झोप, म्हणून आम्ही मुलांना घेऊन कुजबुजत जगायचो. प्लांटचा एक नियम त्याच्या रक्तात आहे. रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच चालू असताना शिफ्ट संपली म्हणून कुणी उठून घरी जात नाही. रिलीव्हर येतो, लॉगबुक वाचतो, कुठला व्हॉल्व्ह उघडा आहे, टेंपरेचर किती, कुठल्या पंपाचा आवाज बदललाय ते तोंडी विचारून घेतो आणि मग चार्ज घेतो. तोवर जाणारा जागचा हलत नाही. रिलीव्हर आलाच नाही तर डबल करावी लागते.

एका सकाळी तो असाच डबल करून तणतणत घरी आला. रिलीव्हरने न कळवता दांडी मारली होती.

"सोळा तास! माणूस आहे की काय? सांगून तरी जायचं ना, की येत नाही म्हणून."

मी कोथिंबीर निवडत होते. म्हटलं, "माझा रिलीव्हर कोण आहे रे?"

"तुझं वेगळं आहे. घरात काही बॅच फुकट जात नाही."

"ठीक आहे. मग आजपासून मी शिफ्ट संपली की उठते."

"किती वाजता संपते?"

यावर दोघांनाही हसू आलं, कारण उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्याने ते हसण्यावारी नेलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. पण प्लांटचा माणूस. चार्ज कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसलेली जागा त्याला सहन होत नाही. तो हातात कप घेऊन ओट्याशी उभा राहिला आणि विचारू लागला: इथे आत्ता काय काय चालू आहे? मी सांगत गेले. हरभरे भिजलेत, दुपारी उपसून फडक्यात बांधायचे. कणीक कालची आहे, आधी ती संपवायची. गॅसची टाकी बदलून बरेच दिवस झाले, केव्हाही संपेल. धाकटीला उद्या कार्डशीट न्यायचंय. दही चमचाभर ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही. सांगताना माझ्याच लक्षात येत गेलं की एवढं सगळं मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यापेक्षा करून टाकणं कमी वेळाचं होतं.

पुढे तो जनरल शिफ्टला आला, तेव्हा आम्ही कामं वाटायचा नाद सोडला आणि दिवस वाटला. पहाटेपासून सगळे घराबाहेर पडेपर्यंत चार्ज त्याचा. दूध, पाणी, नाश्ता, डबे, बाईंचा फोन, कचऱ्याची गाडी, शाळेचा निरोप, जे काही त्या वेळात उगवेल ते त्याचं. संध्याकाळी घरी आल्यापासून ओटा पुसेपर्यंत माझा. मिनिटं मोजली तर अजूनही माझी जास्त भरतील, मला शंका नाही. पण त्या सकाळच्या वेळात मी कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही. वर्तमानपत्र वाचते, आणि वाचलेलं लक्षात राहतं. मला निम्मं-निम्मं नको होतंच, कानाला सुट्टी हवी होती.

या पद्धतीत एक कलम माझ्या गैरसोयीचं आहे. दुसऱ्याच्या शिफ्टमध्ये व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. तो बटाटा चिरतो ते कुठल्याही अर्थाने 'काप' या शब्दात बसत नाही. पोह्यांत मोहरी तडतडायच्या आधी कांदा टाकतो. आठवड्यात तीनदा तीच भाजी करतो, आणि मुलं ती खातात, याचा मला जास्त राग येतो. सुरुवातीला मी दारात उभी राहून सूचना करायचे. त्याने शांतपणे झारा माझ्या हातात दिला, "चार्ज घेतेस का?" म्हणाला. घेतला नाही. आपल्या हातच्या चवीवर आपलं घरात वजन असतं, ते उतरवून ठेवणं सोपं नाही. बायका नवऱ्यांना ओट्याशी येऊ देत नाहीत, अशी तक्रार काही पुरुष करतात. बहुतेक वेळा ती पळवाट असते, पण तिच्यात तथ्य अगदीच नाही असंही नाही. ज्या राज्यात दुसरं काही मिळालं नाही तिथे फोडणीचा अधिकार कोण सहज सोडेल?

शिवाय बाहेरचं जग जुनी यादीच धरून बसलेलं असतं. डब्यात तिखट जास्त पडलं तर शाळेच्या बाई मला विचारतात. घर पसरलेलं असताना पाहुणे आले तर नजर माझ्याकडे वळते. सासूबाई राहायला आल्या आणि त्यांनी पहाटे लेकाला कणीक मळताना पाहिलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्याच्या शेजारी जाऊन पोळपाट ओढू लागल्या. "आई, माझी ड्यूटी आहे," असं त्याने सांगितल्यावर त्यांना ते पटलं. ड्यूटी म्हटल्यावर त्यांच्या मनातला प्रश्न सुटला, कारण ड्यूटी पुरुषाला शोभते. मला त्या तर्काचा थोडा राग आला, पण विरजण लागत होतं, मी गप्प बसले.

विरजणावरून मात्र काही काळ सीमावाद चालला. रात्री लावायचं म्हणजे माझ्याकडे, पण सकाळी दही मिळायला हवं ते त्याच्या नाश्त्याला, आणि चमचा वाचवायचा दुपारी, तेव्हा घरात दोघेही नाहीत. शेवटी तो नाश्त्याच्या वेळीच चमचाभर दही वाटीत काढून झाकणावर चिठ्ठी चिकटवू लागला. प्लांटमध्ये बंद ठेवलेल्या यंत्राला लावतात तसली, लाल अक्षरांत. मुलं त्याला हसतात, पण त्या वाटीला हात लावत नाहीत.

गणपतीचं गाडं अजून अडलेलं आहे. त्याच्या मते हा वार्षिक शटडाऊन. तेव्हा शिफ्टबिफ्ट नसते, सगळ्यांनी एकदमच कामाला लागायचं. नणंद दरवर्षी येते आणि तिला हे मान्य नाही. "दादा ओट्याशी आणि आम्ही बाहेर बसायचं होय? लोक काय म्हणतील?" लोकांचं म्हणणं काय असेल ते ती स्वतःच सांगते, त्यामुळे विचारायला जावं लागत नाही. गेल्या वर्षी त्याने मोदक वळले. कळ्या फार नाही पडल्या, पण फुटलाही एकच. नणंदेने तो बाजूला काढून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. यंदा निम्मे मोदक त्याने वळायचे, इतपत तह झाला आहे. वाद उरलाय तो उकडीचा. ती गरम असतानाच मळावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी पूजा सुरू होते, तिथे यजमान म्हणून त्याला पाटावर बसावं लागतं. पूजेला मी बसते आणि उकड तो मळेल, असं मी सुचवलंय. गुरुजींना विचारून कळवते, असं नणंद म्हणाली आहे.